वाट दाखवणारा

सोमवारी सकाळी संध्या मोगल यांनी आपला ब्लॉग उघडला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा मृत्यू तिथून नाहीसा झाला होता.

आदल्या रात्रीपर्यंत ती नोंद जागेवर होती. मुरलीधर मोगल, मधुमेहाचे रुग्ण; इन्सुलिन सोडून चुंबकीय पाणी सुरू केले; तिसऱ्या आठवड्यात बेशुद्ध पडले; रुग्णालयात पोहोचेपर्यंत मृत. आता तिथे पांढरी जागा होती.

संध्याबाईंनी उत्तरा गर्गे यांना फोन केला. आवाज शांत होता. शाळेत विज्ञान शिकवताना वर्ग फार गोंगाट करू लागला की त्या याच आवाजात बोलत.

"उत्तराबाई, नववी नोंद गेली. या वेळी यांचीच. येता का?"

उत्तराबाई सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मृताच्या आतड्यात विष आहे की नाही एवढे सांगणे हे त्यांचे काम. ते कुणी घातले हे सांगण्याचा मोह त्यांनी नोकरीभर टाळला. संगणकातले त्यांना फारसे कळत नव्हते आणि तसे त्या सांगतही. पण नमुना कसा घ्यावा आणि तो कशाशी ताडून पाहावा हे कळत होते.

गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये संगणक बैठकीत होता, टेलिफोनशेजारी. पडद्यावर ब्लॉगचे नाव होते: 'पुरावा कुठे आहे?' दोन वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, संध्याबाईंनी तो सुरू केला. विश्वेश धारणे नावाच्या गृहस्थाचे शहरात 'ऊर्जा केंद्र' होते. त्याच्या चुंबकीय पाण्याने ज्यांची औषधे सुटली, त्यांच्या घरच्यांना संध्याबाईंनी लिहिते केले. चांदवडहून, निफाडहून, कुणाच्या तरी पुतण्याच्या संगणकावरून माणसे लिहू लागली. आता ग्राहक मंचापुढे धारणेविरुद्ध तक्रार उभी होती. सुनावणी पुढच्या गुरुवारी. या नोंदी हाच तिचा कणा होता.

"प्रत काढून ठेवली नव्हती?" उत्तराबाईंनी विचारले.

"अमितने सीडी काढून दिली होती. कोरी निघाली. खराब होती म्हणाला."

"अमित कोण?"

"अमित निमसे. माझा विद्यार्थी. कॉलेज रोडवर सायबर कॅफे आहे त्याचा. हा ब्लॉग त्यानेच उघडून दिला, ब्रॉडबँडही त्यानेच जोडून घेतलं. आमच्या विज्ञान मंडळाचा चिटणीस आहे. देवाला हात जोडणाऱ्याची टिंगल केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही."

"पासवर्ड बदललात?"

"प्रत्येक नोंद गेल्यावर. पुढची तरीही जाते."

"कुठे बसून बदलता?"

"अमितकडे. इथे बसले की लाईन जाते. संध्याकाळी लिहायला घेतलं की हमखास. आधी फोन वाजतो, उचलावा तर पलीकडे कुणी बोलत नाही, आणि इकडे इंटरनेट मेलेलं. धारणे भाषणात म्हणालाच होता, माझ्या ऊर्जेशी खेळाल तर यंत्रं जळतील."

"यंत्र जळलं का?"

"नाही."

"मग ऊर्जा बाजूला ठेवू. हे काय आहे?" पडद्यावर नोंदींखाली एकामागून एक प्रतिक्रिया उमटत होत्या. वेगवेगळी नावे, मजकूर एकच: *ऊर्जा सत्य आहे. ऊर्जा सत्य आहे.*

"हे तीन आठवडे चाललंय. रात्रंदिवस. लोकांनी लिहिलेलं त्याखाली गाडलं जातं. अमित म्हणतो, हा एखादा प्रोग्राम आहे, बहुतेक रशियातला."

तेवढ्यात फोन खणखणला. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. संध्याबाईंनी फोन उचलला. या वेळी दूधवाला होता.

उत्तराबाई खाली वाकल्या. बैठकीतल्या फोनच्या तारेत काडेपेटीएवढी पांढरी डबी बसवली होती. त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्याच लाईनवरचा दुसरा फोन होता. त्याच्या तारेत डबी नव्हती.

"इथली कुठे गेली?"

"फिल्टर? अमितने नेला. बिघडला होता म्हणे. नवा आणून देणार आहे."

"लाईनचा त्रास त्याआधी होता की त्यानंतर सुरू झाला?"

"आठवत नाही. आधीही असेल."

"असेल हे उत्तर नव्हे. बरं, सगळ्यात पहिली नोंद कोणती गेली?"

"'वाट दाखवणारा'. यांना धारणेकडे कोण घेऊन गेलं ते त्यात होतं. यांच्या अंबडच्या कारखान्यातला एक फिटर, चंदर मिस्त्री. मी त्याला कधी पाहिलं नाही. हे त्याचं नाव सारखं घ्यायचे. धारणेचा दलाल. मी तसं लिहिलं."

"त्याने दलाली घेतल्याचं कुणी सांगितलं?"

"उगाच कुणी माणसं गोळा करून देतं का?"

उत्तराबाईंनी एकच गोष्ट विचारली. "चोराला तुमचा पासवर्ड मिळतो. मग तो स्वतः पासवर्ड बदलून तुम्हाला कायमचं बाहेर का काढत नाही? सगळ्या नोंदी एकदम का पुसत नाही?"

"मला काय माहीत? पण मला तो माणूस हवाय, उत्तराबाई. नोंदी मिळाल्या नाहीत तरी चालेल. माणूस हवाय."

"नोंदी नसतील तर गुरुवारी धारणे सुटेल."

"मग दोन्ही हवं," संध्याबाई म्हणाल्या.

शनिवारी खंडेनवमी होती. सणामुळे भारनियमन रद्द झाले होते आणि शहरभर वीज होती. रिक्षांच्या आरशांना झेंडूच्या माळा लागल्या होत्या. उत्तराबाई सकाळीच ऊर्जा केंद्रात गेल्या आणि आपले नाव सांगितले.

केंद्र गजबजले होते. धारणे पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, पांढऱ्या सफारीतला माणूस. त्याच्या मागे संगणक चालू होता आणि प्रिंटर एकामागून एक कागद बाहेर टाकत होता. प्रत्येकावर गिऱ्हाइकाचे नाव आणि 'ऊर्जा निर्देशांक'.

"आज यंत्रांना सुट्टी नाही?" उत्तराबाईंनी विचारले.

"आमच्याकडे नाही, बाई. आजचा मुहूर्त वर्षातून एकदा येतो. पहाटेपासून चालू आहे, उद्या रात्रीपर्यंत थांबायचं नाही. पूजा चालू यंत्राचीच केली. ऊर्जेला कसली सुट्टी?"

"संध्या मोगल यांच्या ब्लॉगवर हल्ला होतोय. तुम्हाला कळलं असेल."

"कळलं. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. त्या बाईंनी मला खुनी म्हटलंय."

"तुम्ही करवताय का?"

धारणे हसला. "मी संकल्प केला होता. तुम्हाला तो पटणार नाही."

"संकल्पाने पासवर्ड कळतो?"

"मला तर हा प्रिंटर कसा चालतो तेही कळत नाही. पगारी मुलगी ठेवली आहे." त्याने आवाज खाली आणला. "गर्गेबाई, मला काही करायचं असतं तर मी सगळं एका झटक्यात पुसलं असतं. सुनावणी माझी आहे. रोज एक पान फाडून मला काय मिळणार?"

माणूस भोंदू होता. पण हे वाक्य तर्काला धरून होते, आणि ते भोंदूने उच्चारले म्हणून खोटे ठरत नव्हते.

तिथून त्या कॉलेज रोडला गेल्या. अमितच्या कॅफेचे शटर अर्धे खाली होते. आत साठीची एक बाई हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. ती अमितची आई, लताबाई.

"कॅफे आज बंद आहे, ताई. दसरा झाला की उघडेल. उद्या संध्याकाळी."

"अमित नाही?"

"लासलगावला गेलाय, मित्राकडे. पूजा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. मी म्हटलं, तू नको करूस, मी करते. दुकान माझ्या नावावर आहे." तिने समाधानाने आत पाहिले. "सगळी बटणं बंद केली. वर्षभर राबतात बिचारी."

भिंतीलगत पाच संगणक होते, प्रत्येकापुढे एक खुर्ची. कोपऱ्यात सहावा होता. त्याच्यापुढे खुर्ची नव्हती आणि त्याच्यावर चादर टाकलेली होती. चादरीवर झेंडूची माळ होती.

"या यंत्रावर कुणी बसत नाही?"

"नाही हो. ते रात्रंदिवस, लाईट गेली तरी बॅटरीवर, एकटंच घूं घूं करत असतं. अमित कुणाला हात लावू देत नाही. पण आजच्या दिवशी त्यालाही विसावा नको?" लताबाई हसल्या. "जाताना त्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काही बोलेल. पण बोलला नाही."

पलीकडे घराचा दरवाजा उघडा होता. आत खाटेवर एक माणूस उशीला टेकून बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. पुढे पाटावर नटबोल्टचे पाने, स्क्रू-गेज आणि एक कानस स्वच्छ पुसून मांडली होती. प्रत्येकाला कुंकवाचे बोट लागले होते.

"अमितचे बाबा," लताबाई म्हणाल्या. "अंबडच्या कारखान्यात होते. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं. बोलता येत नाही, पण हत्यारांची पूजा चुकवू दिली नाही."

उत्तराबाईंनी खाटेवरच्या माणसाला नमस्कार केला. त्याने डावा हात कपाळापर्यंत नेला.

त्या दुपारी आणि रविवारी दिवसभर 'पुरावा कुठे आहे?' वर एकही प्रतिक्रिया आली नाही. संध्याबाईंनी हे आनंदाने कळवले. रविवारी रात्री *ऊर्जा सत्य आहे* पुन्हा सुरू झाले, हे त्यांनी तितक्या आनंदाने कळवले नाही.

"आता एक प्रयोग करू," उत्तराबाई म्हणाल्या. "उद्या अमितकडे जा. लाईन बंद आहे म्हणून सांगा. तिथे बसून दुसऱ्याच नावाने एक नवा ब्लॉग उघडा. त्यावर एकच नोंद टाका. कुणाला काही सांगू नका आणि पत्ता कुठे लिहून ठेवू नका. तुमच्या मूळ ब्लॉगचा पासवर्ड मात्र माझ्या घरी येऊन बदला, आणि तो कॅफेत अजिबात वापरू नका."

"नोंदीत काय लिहू?"

"काहीही. शीर्षक मी सांगते: 'वाट दाखवणारा, भाग दुसरा'."

मंगळवारी सकाळी मूळ ब्लॉगवरच्या उरलेल्या सगळ्या नोंदी शाबूत होत्या. नव्या ब्लॉगवरची एकमेव नोंद गेली होती.

बुधवारी दुपारी संध्याबाईंनी लाईन दुरुस्तीसाठी अमितला बोलावले. तो आला. सडपातळ, चष्मा, खांद्यावर पिशवी. बैठकीत उत्तराबाईंना पाहून तो दारातच थबकला, मग आत येऊन मोडेमकडे वळला.

"ते राहू दे, बस," उत्तराबाई म्हणाल्या. "लाईन काल दुरुस्त झाली. स्वयंपाकघरातल्या फोनला फिल्टर लावला. आता कितीही वेळा वाजला तरी इंटरनेट जात नाही. तू फिल्टर काढून नेलास आणि बाई लिहायला बसायच्या वेळी फोन करून गप्प राहिलास. लाईन गेली की बाई तुझ्याकडे येणार हे तुला माहीत होतं."

"फिल्टर खराब होता, बाई," अमित संध्याबाईंकडे पाहून म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," उत्तराबाई म्हणाल्या. "सीडी खराब होती हेही सांगितलं होतंस. एका माणसाच्या हातात दोन वस्तू खराब निघू शकतात, म्हणून मी त्यावर थांबले नाही. पण बाईंनी प्रत्येक पासवर्ड तुझ्या कळफलकावर टाईप केला आणि प्रत्येक पासवर्ड फुटला. जो माझ्या घरी टाईप केला, तो फुटला नाही. सोमवारी त्यांनी तुझ्याकडे एक ब्लॉग उघडला. त्याचा पत्ता जगात दोघींनाच ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी त्यावरची नोंद गेली. तुझ्या यंत्रांवर टाईप केलेलं प्रत्येक अक्षर साठवलं जातं."

"रशियातले लोक असे व्हायरस सोडतात. माझ्या यंत्रांत शिरला असेल."

"तेही मी धरून चालले होते. मग खंडेनवमी आली. तीन आठवडे न थांबलेल्या प्रतिक्रिया शनिवारी थांबल्या आणि दसऱ्याच्या रात्री सुरू झाल्या. वीज दोन्ही दिवस होती. रशियात खंडेनवमी पाळत नाहीत. धारणेचा संगणक ते दोन्ही दिवस चालू होता, तो मी स्वतः पाहिला. तुझ्या कोपऱ्यातलं सहावं यंत्र, ज्याच्यापुढे कुणी बसत नाही, ते त्या वेळी हार घालून बंद होतं."

अमितने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला.

"तू पूजा मानत नाहीस," उत्तराबाई म्हणाल्या. "म्हणून तो दिवस तू हिशेबात धरला नाहीस. आणि आई बटणं बंद करत गेली तेव्हा, एवढं एक चालू ठेव, असं तुला म्हणता आलं नाही."

"म्हटलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं," अमित म्हणाला. "आईशी मला खोटं बोलता येत नाही."

संध्याबाई पुढे झुकल्या. "धारणेने तुला किती दिले?"

"हाच तुमचा आजार आहे, बाई. कुणी काही केलं की पैसे घेतलेच असणार."

"धारणेचा इथे संबंध नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "त्याने केलं असतं तर सगळं एकदम पुसलं असतं. हा रोज थोडं पुसत होता आणि कुलूप तसंच ठेवत होता. घर लुटणारा असं करत नाही. मालकाने रोज येऊन रिकामी जागा पाहावी, हा त्याचा हेतू. पहिली गेली ती 'वाट दाखवणारा'. आणि कॅफेमागच्या खोलीत एक फिटर बसला आहे, अंबडच्या कारखान्यातला. संध्याबाई, याचे वडील चंद्रभान निमसे म्हणजेच कारखान्यातले चंदर मिस्त्री."

संध्याबाईंचा चेहरा हलला नाही. फक्त त्यांचा हात टेबलावरून मांडीवर आला.

"बाबांनी धारणेकडून एक पैसा घेतला नव्हता," अमित म्हणाला. "ते स्वतः तेच पाणी पीत होते. मोगलकाका त्यांचे मित्र होते, म्हणून त्यांना घेऊन गेले. मी किती डोकं फोडलं त्यांच्यापुढे. पण त्यांचा विश्वास होता. मूर्खपणा म्हणा. दलाल म्हणू नका. तुमचं पान कुणीतरी छापून कारखान्याच्या गेटबाहेर टपरीवर चिकटवलं. बाबा चहा प्यायला गेले. संध्याकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं."

"त्याच पानामुळे गेलं, याचा पुरावा नाही," उत्तराबाई म्हणाल्या.

"नाही. पण बाईंच्या ब्लॉगचं नाव काय आहे? आणि त्या एका शब्दाला पुरावा कुठे होता?" तो संध्याबाईंकडे वळला. "काकांचं जे उरलंय ते तुमच्याकडे तेवढंच आहे, हे मला माहीत होतं. शेवटची मी तीच ठेवणार होतो. पण दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाबांना भरवताना पेज त्यांच्या गळ्यावरून ओघळली. मग त्याच रात्री पुसली."

"नोंदी कुठे आहेत?" संध्याबाईंनी विचारले.

अमितने पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. "सगळ्या आहेत. सुनावणी बुडाल्यावर तुम्ही माझ्याकडे हात पसरून आला असतात, तेव्हा दाखवणार होतो. दाखवून मोडणार होतो."

"मग आज का आणलीस?"

"रोज बरोबर असते. बरं वाटतं."

संध्याबाईंनी सीडी उचलली, संगणकात घातली आणि एकेक नोंद उघडून पाहिली. नवऱ्याची नोंद आली तेव्हा त्या थांबल्या, ती शेवटपर्यंत वाचली आणि पुढे गेल्या. अमित उठून उभा राहिला.

"तो शब्द काढाल, बाई?"

"काढीन."

"आणि माझं काय करणार?"

"तुझं तू केलं आहेस," संध्याबाई पाठ न वळवता म्हणाल्या.

तो गेल्यावर उत्तराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पोलिसांत द्या. तो गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा ठरलेली आहे. तिथेच थांबा. त्या घरात एक आजारी माणूस आहे आणि त्याचं औषध त्या दुकानावर चालतं."

"यांचा मृत्यू मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिला," संध्याबाई म्हणाल्या. "पांढरी जागा. तुम्ही पाहिली नाही."

गुरुवारी सुनावणी झाली. सगळ्या नोंदी दाखल करून घेण्यात आल्या. धारणेच्या वकिलाने तारीख मागितली, ती नाकारली गेली, आणि बाहेर येताना पांढऱ्या सफारीची पाठ घामाने भिजलेली दिसली.

त्या रात्री उत्तराबाईंनी 'पुरावा कुठे आहे?' उघडला. दोन नव्या नोंदी होत्या.

पहिली दोन ओळींची: *चंदर मिस्त्री यांना मी दलाल म्हटले होते. त्याला पुरावा नव्हता. तो शब्द मी मागे घेते.*

दुसरी लांब होती. तिचे शीर्षक होते 'अमित चंद्रभान निमसे'. तिच्यात कॅफेचा पत्ता होता. तिथल्या यंत्रांवर टाईप केलेले प्रत्येक अक्षर, कुणाचेही, साठवले जाते हे होते. फिल्टर, कोरी सीडी, मुके फोन, सहावे यंत्र, खंडेनवमी, सारे क्रमाने होते. कॅफेत जाऊन पत्रे, पासवर्ड, बँकेचे व्यवहार टाईप केलेल्या प्रत्येकाने काय करावे हेही होते. एकही विशेषण नव्हते. खाली छायाचित्रे होती, नव्या ब्लॉगची आधीची आणि नंतरची. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: *पुरावा सोबत जोडला आहे.*

उत्तराबाईंनी नोंद दोनदा वाचली. त्यांना एकाही विधानात त्रुटी सापडली नाही. त्यांनी ती फार मनापासून शोधली होती.